जुन्या मासिकांतल्या बायका आणि सँडपेपर: कोलाजबद्दल मदत हवी

कात्रीवाली_मिरज

नमस्कार मंडळी, इथे नुसतीच वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

तर झालंय असं की सासूबाईंच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून मासिकांचा ढीग निघाला. बायकांची मासिकं, थोडे दिवाळी अंक, फिल्मी मासिकं, आणि नव्वदीतली गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं पण आहेत, ती कोणी आणली होती देव जाणे. घरातले सगळे रद्दीत द्यायला निघाले होते, मी आडवी पडले. मजकूर राहू दे, मला त्यातल्या जाहिरातींनीच धरून ठेवलं. कुकरवाली, टेरीकॉटवाली, टॉनिकवाली, गोरेपणाच्या क्रीमवाली, सगळ्याजणी मान एकाच बाजूला कलती करून हसतायत आणि कोणाच्याही हाताला काम केल्याची खूण नाही!

त्यांचं कोलाज, म्हणजे कात्रणं चिकटवून चित्र, करतेय. हाफ इंपिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंचाचा ३०० जीएसएमचा कागद घेतलाय, त्यावर मागे शिंप्याकडचे ब्लाउजचे खाकी कागदी पॅटर्न, ज्यावर पेनने मापं लिहिलेली असतात ते, आणि त्यावर या बायका. पदर कापून काढून तिथे खऱ्या जुन्या साडीचा काठ शिवलाय, हाताने, धावदोरा. चेहरे सँडपेपरने घासून काढलेत. काही ठिकाणी गेसो (पांढरा अस्तराचा रंग), काही ठिकाणी काळी शाई.

आता अडचणी. गुळगुळीत कागदाचं चित्र चिकटवलं की फुगे येतात म्हणजे येतातच, सुकल्यावर काही बसतात काही तसेच. पांढरा गोंद पाणी घालून वापरतेय. दुसरं म्हणजे व्हिडिओत दाखवतात तसं नेलपॉलिश रिमूव्हरने चित्र उलटं ठेवून चमच्याने घासून उतरवायला बघते, तर एका मासिकाचं झक्क उतरतं आणि दुसऱ्याचं ढिम्म हलत नाही, हे काय गौडबंगाल आहे? तिसरं, चेहरे घासल्यावर मला जे म्हणायचंय ते दिसतच नाहीये, जाऊबाई म्हणाल्या "पाणी पडलं का गं यावर?" 😑

आणि शेवटचं. एका प्रदर्शनासाठी दिलं होतं तर तिथल्या संयोजकांनी "हे सगळे दुसऱ्याचे फोटो, यात तुमचं काय" म्हणून परत पाठवलं. डोकं फिरलं माझं. पण खरंच कॉपीराइटचं काही लफडं असतं का यात? फोटो खाली टाकलाय, मोबाइलवरून काढलाय त्यामुळे रंग जरा भडक आलेत.

ट्रेडलमास्तर

ताई, काम बघितलं, धावदोरा लै आवडला. आमचा छापखाना होता कोल्हापुरात, आधी ट्रेडल म्हणजे ठशांचं छोटं यंत्र, मग सपाट प्लेटचं ऑफसेट, आता पोरगा फ्लेक्स छापतो. त्यामुळं चित्रकलेचं मला विचारू नका, कागदाचं विचारा.

तुमच्या निम्म्या अडचणींचं मूळ एकच आहे, सगळी मासिकं तुम्ही सारखी धरताय. ती इंग्रजी गुळगुळीत मासिकं आर्ट पेपरवर असतात, म्हणजे कागदावर चिनी मातीचा थर दिलेला असतो आणि शाई त्या थरावर बसते, कागदात जिरत नाही. त्यामुळं बारीक सँडपेपर मारला की शाई निघते आणि खालून स्वच्छ पांढरं येतं. जुन्या मराठी मासिकांची आतली पानं मात्र न्यूजप्रिंट नाहीतर साध्या छपाईच्या कागदाची, तिथं शाई धाग्याधाग्यात शिरलेली असते, तुम्ही घासताय ते शाईला नाही, कागदाच्या अंगालाच घासताय. मग लव निघते, कागद फुलतो, आणि जाऊबाईंना पाणी सांडल्यासारखं वाटतं. त्यांचं काही चुकलं नाही 😀

कुठलं कसं छापलंय ते ओळखायचं असेल तर पान उलटं करून पाठीवरून बोट फिरवा. ठशांची छपाई असेल तर अक्षरांचा उठाव बोटाला लागतो, आणि भिंगातून बघितलं तर शाई दाबली जाऊन कडेला सरकलेली असते, म्हणून प्रत्येक ठिपक्याची कड मधल्यापेक्षा काळी दिसते. ऑफसेटला पाठ सपाट आणि ठिपका सगळीकडं सारखा. एकदा नजर बसली की रद्दीवाल्याच्या दुकानात उभ्या उभ्या कळतं.

आता ते उतरवायचं. छपाईची शाई तेलातली असते, सुकते म्हणजे हवा लागून कडक होते, आणि वर्षानुवर्षं कडक होत राहते. नवं मासिक उतरतं, चाळीस वर्षांचं जुनं उतरत नाही, त्यात नवल काही नाही. शिवाय रिमूव्हरच्या बाटलीवर ॲसिटोन-फ्री लिहिलंय का बघा, असेल तर घासत बसा दिवाळीपर्यंत. सोपा उपाय सांगतो, चित्राची लेझर झेरॉक्स काढा. टोनर म्हणजे शेवटी प्लॅस्टिकची पूड, ती ॲसिटोननं विरघळते आणि खालच्या कागदाला धरते. इंकजेटचं चालत नाही. झेरॉक्सवाल्याला मिरर करून द्यायला सांगा म्हणजे उतरल्यावर अक्षरं सुलटी येतील. आणि खिडकी उघडी ठेवून करा, देवघरात समई लावलेली असताना शेजारी बसून करू नका, ॲसिटोन भडकन पेटतं.

फुग्यांचं असं आहे की कागदाला ग्रेन, म्हणजे धाग्यांची दिशा, असतो. चित्राच्या पानाचा नको असलेला तुकडा उभा फाडा, आडवा फाडा, ज्या दिशेला सरळ फाटतो तो ग्रेन. ओला झाला की कागद ग्रेनच्या आडव्या अंगाला वाढतो, तुम्ही कोरडा कागद गोंदावर ठेवता, तो खाली चिकटल्यावर वाढायला लागतो, जागा नाही मिळाली की वर उठतो, तो तुमचा फुगा. म्हणून बाइंडर लोक आधी कागदाला पाणी पाजतात. चित्राच्या पाठीला ओला स्पंज हलका फिरवा, मिनिट दोन मिनिट थांबा, काय वाढायचं ते वाढू दे, मग गोंद लावा, मधनं कडेला रोलर फिरवा, वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली. आणि गोंदात पाणी कमी घाला की हो.

याचा एक तोटा, सुकताना चित्र आकसतं आणि खालचा कागद पापडासारखा वळतो. त्याला इलाज म्हणजे पाठीमागं तेवढ्याच मापाचा साधा कागद त्याच गोंदानं चिकटवायचा, दोन्ही बाजूंचा ताण सारखा झाला की सपाट राहतो. आमच्याकडं पूर्वी मोरचूद घातलेली खळ वापरायचे, म्हणजे कसर लागत नाही. तुम्ही फेव्हिकॉलच वापरा, खळीच्या भानगडीत पडू नका, मोरचूद विषारी असतं आणि घरात पोरं असतील.

पिवळी_पानं

सगळे तंत्र सांगतायत, मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. दिवाळी अंक कापताय तुम्ही???

१९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनचे किती अंक आज पूर्ण अवस्थेत सापडतात हे एकदा शोधून बघा. दलाल, मुळगावकर यांची मुखपृष्ठं असलेले अंक लोक शोध शोध शोधतात आणि तुमच्याकडे ट्रंकभर आहेत आणि तुम्ही त्यांना सँडपेपर लावताय. माफ करा पण वाचून पोटात गोळा आला.

कात्रीवाली_मिरज

@ट्रेडलमास्तर काका, प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय तुमचा प्रतिसाद. पाठीवरून बोट फिरवून बघितलं, खरंच लागतं हो! फिल्मी मासिकाच्या आतल्या पानांना लागतं, कव्हरला नाही.

@पिवळी_पानं अहो थांबा, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि कथाबिथा अजिबात कापलेल्या नाहीत, ते वेगळे ठेवलेत. फक्त जाहिरातींची पानं घेतलीत, ती पण साध्या महिन्याच्या अंकांतली. जाहिराती कोण जपतं?

पिवळी_पानं

तेच तर! कोणी जपत नाही म्हणून त्याच दुर्मिळ आहेत. ग्रंथालयात वर्षाचे अंक एकत्र बांधताना बऱ्याचदा कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढून टाकतात, बांधणीचा खर्च वाचतो, जागा वाचते. म्हणजे अमुक लेखकाची कथा कुठेतरी पुस्तकात तरी मिळेल पण त्या साली मिरजेच्या बाईला कुठली पावडर विकत होते, किती किमतीला, काय बोलून, हे फक्त तुमच्या ट्रंकेत असू शकतं. आता जुन्या बाजारांचा, बायकांच्या जगण्याचा अभ्यास करणारे लोक आधी जाहिराती उघडतात.

कोलाज करू नका असं म्हणत नाहीये. चांगलं स्कॅन करा, ६०० डीपीआय वगैरे, पानावर मासिकाचं नाव महिना वर्ष लिहून फाइल ठेवा, आणि कापायला झेरॉक्स घ्या. मास्तरांनी सांगितलंच आहे की झेरॉक्स उतरवायला पण सोपी. दोन्ही कामं होतील.

तिरकी_रेघ

अप्लाइड आर्ट केलंय, पुण्यात शिकवते, म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

झेरॉक्स की मूळ पान या वादात मी पिवळी पानांच्या बाजूने पाऊण आहे. रोमारे बिअर्डन नावाचे अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकार, त्यांनी १९६४ मध्ये मासिकांतली कात्रणं जोडून आधी लहान कोलाज केली आणि मग त्यांचे काळे-पांढरे फोटोस्टॅट (छायाप्रती) मोठे करून तेच प्रदर्शनात लावले. म्हणजे मूळ कात्रण हाताळून झाल्यावर प्रत मोठी करायची. वेगवेगळ्या मासिकांतले तुकडे, वेगवेगळी शाई, वेगवेगळा कागद, सगळं एका काळ्या-करड्या सुरात येतं आणि जोड दिसेनासे होतात. तुमच्या चित्रात प्रत्येक बाई वेगळी चिकटवलेली दिसतेय ना, त्यावर हा एक उपाय आहे. उरलेला पाव हिस्सा माझा विरोध एवढ्यासाठी की जुन्या कागदाचा पिवळेपणा, घडीची रेघ, कडेला कोणीतरी पेन्सिलने केलेला हिशोब, हे झेरॉक्समध्ये मरतं. जी पानं आधीच फाटलेली, वाळवीने खाल्लेली आहेत ती खुशाल वापरा, तिथे अपराधी वाटून घेऊ नका.

आता चेहऱ्यांबद्दल, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, फुगे बिगे दुय्यम. तुम्ही सगळे चेहरे एकाच तऱ्हेने, सगळे पूर्ण, वरपासून खालपर्यंत घासलेत. मग बघणाऱ्याला ते खराब झालेलं पान वाटतं, कारण खराब होणं पण असंच सरसकट होतं. बदल हा मुद्दाम केलेला आहे हे कळायला त्याला कड लागते. चेहऱ्याच्या आकाराचं बटर पेपरचं स्टेन्सिल कापा, ते धरून घासा, म्हणजे घासलेल्या भागाची कड सुरीसारखी येईल आणि केस, कानातलं, कुंकू शाबूत राहील. किंवा फक्त हसू काढा. मी तुमचा फोटो मोठा करून बघितला, टॉनिकवालीचे दात तेवढे चुकून राहिलेत आणि अख्ख्या चित्रात मला तीच सगळ्यात जास्त लक्षात राहिली!

एलेन गॅलाघर या अमेरिकन चित्रकर्तीचं 'डीलक्स' नावाचं काम आहे, २००४-०५ चं, ते नक्की शोधून बघा कारण ते तुमच्या ट्रंकेच्या अगदी शेजारचं आहे. 'एबनी' आणि तसल्या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकांतल्या १९३० ते ७० च्या दशकांतल्या जाहिराती, टोप, केस सरळ करायची औषधं, रंग उजळायची क्रीम. असल्या ६० चौकटी एकत्र भिंतीवर. त्यावर तिने पिवळ्या प्लॅस्टिसीनने, म्हणजे आपल्याकडे पोरं मातीकाम करतात त्या क्लेने, भलेमोठे टोप थापलेत, डोळे कापून पांढरे केलेत. जाहिरात ज्याच्यावर बोट ठेवत होती, केस आणि कातडी, तिथेच तिचं बोट आहे. एका चौकटीत एवढं, दुसऱ्या चौकटीत तेवढं, कधी सगळं डोकं झाकलेलं, कधी नुसते डोळे. त्यामुळे साठ बायका साठ वाटतात.

मग तुमच्या गोरेपणाच्या क्रीमवालीचं काय? तिचा चेहरा घासून पांढरा केलात म्हणजे क्रीमवाल्यांचंच काम पूर्ण केलंत की हो 😄 तिला घासू नका, तिच्यावर गडद करा. शाईचे पातळ थर द्या, किंवा चहाचं पाणी, एकावर एक. आर्ट पेपरवर पाण्याचा रंग ओघळून जातो, धरत नाही, म्हणून आधी मॅट मीडियमचा (बिनचमकीचा पारदर्शक लेप) एक हात मारून सुकवा किंवा तेवढा भाग सँडपेपरने फक्त चमक जाईपर्यंत घासा.

आणि शिवणाबद्दल. ते वाढवा, भिऊ नका. बर्लिनची हाना होख, जिला फोटोमोंताजच्या, म्हणजे फोटो कापून जोडायच्या कलेच्या, सुरुवातीच्या लोकांत धरतात, ती १९१६ ते १९२६ उलश्टाइन या मोठ्या प्रकाशन कंपनीत बायकांच्या मासिकांसाठी लेस आणि भरतकामाचे नमुने काढायची. नोकरीतून छापील चित्रांचा ढीग हाताशी आला आणि त्यातून तिने राजकारणी, नट्या, यंत्रं यांची मुंडकी इकडची तिकडे केली. तिच्या कोलाजमध्ये भरतकामाचे नमुने सरळ येतात. तेव्हा "हे बायकांचं काम" म्हणून कोणी नाक मुरडलं तर तिचं नाव सांगा.

एक सूचना तंत्राची, कागदावर शिवताना आधी सुईने भोकं पाडून घ्या, जवळ जवळ नकोत, नाहीतर तिकिटासारखी ओळ फाटून येते. चित्राच्या पाठीला पातळ मलमल चिकटवली तर आणखी बरं.

डोंबिवली_फास्ट_चुकलेला

माझं ज्ञान शून्य पण एक सांगतो, छापील चित्राची कापाकापी करून अर्थ बदलायची आपली स्वतःची परंपरा आहे की. 'आवाज' या विनोदी दिवाळी अंकाची खिडकीचित्रं! पानाला चौकोन कापलेला, त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा बरोब्बर नको तो भाग दिसायचा, आणि पान उलटलं की निघायचं भलतंच, एकदम सोज्वळ. मोठ्या माणसांसमोर अंक उघडायची सोय नाही 😂 आमच्या आत्याने सगळ्या खिडक्या मागून कागद लावून बंद केल्या होत्या, आता विचार करतो तर ते पण मिक्स मीडियाच झालं.

कात्रीवाली, तुम्ही पण खिडकी करा ना. वरच्या बाईचा चेहरा कापून काढायचा, खाली दुसरं पान.

तिरकी_रेघ

+१००, खिडकीची आयडिया भारी आहे. चेहऱ्याच्या जागी खिडकी आणि आत शिंप्याच्या कागदावरची मापं! छाती ३४, कंबर २८ एवढंच दिसेल. बघा करून.

शिवाय आपल्याकडची उदाहरणं आहेतच. अवनींद्रनाथ टागोरांनी उतारवयात रामायणाची एक हस्तलिखित वही केली, तिच्यात वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि छापील चित्रं कापून चिकटवलीत, चेष्टेचा सूर आहे सगळा. भूपेन खख्खर, जन्म मुंबईचा, पेशाने सीए, मग बडोद्याला गेले, त्यांनी साठच्या दशकात बाजारात मिळणाऱ्या देवांच्या छापील तसबिरी कापून कोलाज केली. आणि सी. के. राजन यांनी नव्वदच्या दशकात मासिकं-वर्तमानपत्रांतली कात्रणं जोडून लहान लहान कोलाज केली, साधनं म्हणजे रद्दी, कात्री, गोंद. म्हणजे "यात तुमचं काय" हा प्रश्न त्या संयोजकांनी विचारायला बराच उशीर केलाय.

ठाण्याची_वकीलीण

कॉपीराइटबद्दल. कोर्टात जाण्याइतकं कोणी तुमच्या मागे लागेल असं वाटत नाही, पण कायदा काय म्हणतो ते माहीत असावं.

आपल्याकडे १९५७ चा कायदा. कलाकृतीला निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण. फोटोंना पूर्वी वेगळी मुदत होती, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, ते कलम २०१२ च्या दुरुस्तीत काढून टाकलं, आता फोटोही फोटोग्राफरच्या हयातीनंतर ६० वर्षं. ज्या फोटोंची मुदत त्याआधीच संपली होती ते मोकळे, म्हणजे १९५१ च्या आधी छापलेला फोटो असेल तर निवांत वापरा. तुमच्या टेरीकॉटवाल्या बायका त्यात बसणार नाहीत. एक मात्र करा, 'जुनं आहे म्हणजे चालतं' हे डोक्यातून काढा.

आता कलम ५२, त्यात खाजगी वापर, समीक्षा, टीका वगैरेंना सूट आहे. घरात लावायला, शिकायला काहीही करा. विकायला काढलं की विचार करायचा. आणि त्यातही एकच मूळ कोलाज विकणं आणि त्याच्या शंभर प्रिंट, पिशव्या, मग छापून विकणं यात माझ्या मते जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्या प्रकारात पडू नका.

'बदललं म्हणजे आपलं झालं का' यावर अमेरिकेतले खटले वाचायला मजेशीर आहेत, आपल्याला बंधनकारक नाहीत पण विचार कळतो. जेफ कून्स या अमेरिकन कलाकाराने 'अल्युअर' मासिकातल्या एका फॅशन फोटोतले नुसते पाय उचलून आपल्या मोठ्या पेंटिंगमध्ये लटकवले, फोटोग्राफर आंद्रेया ब्लँच कोर्टात गेली, २००६ मध्ये अपील कोर्टाने कून्सच्या बाजूने निकाल दिला, कारण वापराचा हेतू आणि अर्थ वेगळा होता. हाच कून्स १९९२ मध्ये दुसऱ्या खटल्यात हरला होता, तेव्हा त्याने कुत्र्याची पिल्लं घेतलेल्या जोडप्याचा फोटो जवळपास जसाच्या तसा शिल्पात उतरवला होता. नंतर रिचर्ड प्रिन्स या कलाकाराचं प्रकरण, त्याने एका पुस्तकातल्या जमैकाच्या रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या फोटोंवर रंग फासून, तोंडावर गोल गोल चिकटवून चित्रं केली, २०१३ मध्ये कोर्टाने ३० पैकी २५ चित्रं योग्य वापर म्हणून सोडली आणि ५ पुन्हा तपासायला खाली पाठवली. गंमत म्हणजे ती पाच कोणती? ज्यात त्याने सगळ्यात कमी हात लावला होता ती. हल्ली, चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चित्रावरच्या २०२३ च्या निकालानंतर तिथेही वारं जरा फोटोग्राफरच्या बाजूने वळलंय.

तर तुमचा काठ, तुमची खिडकी, तुमची मापं, हे जेवढं जास्त तेवढं तुमचं म्हणणं भक्कम. आणि कंपनीचं नाव, बोधचिन्ह चित्रात ठळक दिसत असेल तर ते झाका, उगाच ट्रेडमार्कचं शुक्लकाष्ठ नको.

पिवळी_पानं

नाव झाकायचं असेल तर झेरॉक्सवरचं झाका, स्कॅनमध्ये राहू दे. (मी सोडणार नाहीये 🙏)

कात्रीवाली_मिरज

सोडू नका, ऐकलंय! भाच्याला बसवलंय स्कॅन करायला, प्रत्येक पानामागे पैसे ठरवून घेतलेत त्याने, सांगलीचा आहे ना. मासिक, महिना, वर्ष फाइलच्या नावातच टाकतोय. वाळवीने खाल्लेल्या पानांची वेगळी थप्पी केलीय, ती माझी.

नवीन तुकडा करून बघितला, फोटो टाकलाय. कुकरवालीची लेझर झेरॉक्स घेतली, काका म्हणाले तसं पाठ ओली करून चिकटवली, एकही फुगा नाही, मागून पण कागद लावलाय, टेबलावर सपाट पडून राहिलाय. चेहऱ्याला खिडकी कापलीय आणि आत खाकी कागद, शिंप्याच्या अक्षरात "बाही ५।।" (साडेपाच) एवढंच दिसतंय. टॉनिकवालीचे दात ठेवलेत. क्रीमवालीवर चहाचे थर चाललेत, कोरा चहा, दर वेळी सुकू देते, कडेला तपकिरी रेघ जमते ती पुसत नाहीये, छान दिसतेय. जाऊबाई आल्या, बघितलं, आणि विचारलं "हिला का काळं केलंस?" म्हणजे आता पाणी पडलं असं नाही वाटत, प्रगती आहे.

आता शेवटचा प्रश्न. काठ शिवल्यामुळे एका बाजूला चांगलाच उठाव आलाय, काठाला जरतार पण आहे. फ्रेमवाला म्हणतो काच दाबून बसवतो म्हणजे सगळं सपाट होईल. मला सपाट नकोय. आणि बिनकाचेचं ठेवलं तर पावसाळ्यात काय होईल?

ट्रेडलमास्तर

अजिबात दाबू देऊ नका. काच कागदाला चिकटली की पावसाळ्यात आत दमट होतं, टोनर नाहीतर मीडियम काचेला धरतं, मग काढताना चित्राचं साल निघतं. त्याला म्हणा बॉक्स फ्रेम कर, चित्र आणि काच यांच्यामधे कडेनं लाकडाची पट्टी, काठाच्या उठावापेक्षा थोडी जाड, अर्धा इंच पुरेल. पाठीमागं हार्डबोर्डच्या जागी एमडीएफ लाव म्हणावं आणि कडेला कागदी टेप, म्हणजे कसर आत जाणार नाही. भिंतीला टेकवू नका, मागं खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. बाहेरच्या भिंतीवर, जिथं ओल येते तिथं तर लावूच नका.

तिरकी_रेघ

आणि चहाचा भाग असल्यामुळे थेट उन्हात नको, चहाचा रंग उडतो. जरतार काळी पडेल, ती पडू दे. बाही ५।। फार म्हणजे फारच आवडलं. पुढची कोण, टेरीकॉटवाली का?

कात्रीवाली_मिरज

हो, टेरीकॉटवाली. ती नवऱ्याबरोबर आहे, नवऱ्याचं काय करायचं ते ठरत नाहीये, सुचवा.

डोंबिवली_फास्ट_चुकलेला

त्याला धावदोरा.